हार घातलेलं सर्टिफिकेट

गेल्या सोमवारी सकाळी नऊ वाजता वारंगा फाट्यावरच्या हॉटेलात भजी तळणाऱ्या मावशींवर अन्याय झाला. त्यांनी हात धुवायला साबण मागितला होता.

हॉटेलमालक माझ्या रोजच्या ओळखीचे. खांद्यावरच्या एकाच टॉवेलनं ते गल्ला, ग्लास आणि स्वतःचं तोंड पुसतात. अन्नसुरक्षेचं ऑनलाइन प्रशिक्षण त्यांनी मोबाइल देवाच्या फोटोपुढं ठेवून, उदबत्ती लावून पूर्ण केलं. परीक्षेची उत्तरं चहाला थांबलेल्या ड्रायव्हरांनी दिली. सर्टिफिकेटला रोज ताजा हार असतो.

त्याकडे बोट दाखवून ते ओरडले, "साबण काहून मागून राहिली, बाई? सरकारनं आपल्याला साफ ठरवलं हाय, बराबर?"

"तुमाला ठरवलं, मालक. पीठ मी कालवून राहिले!"

मालकांनी टॉवेल पुढं केला.

वाचकहो, फाट्यावर उतरलात तर भजी नंतर मागा. आधी मोठ्यानं साबण मागा.