कूलरचा नळ

नळ सोडला आणि पाइपातून फक्त हवा आली. थोडी फुरफुर झाली, मग गंजाचे दोन-चार थेंब माझ्या बुटावर पडले. मे महिन्यातली सकाळ, वर्ध्यातली एक पाच मजली बिल्डिंग, तिसरा मजला. शेजारी सोसायटीचे सेक्रेटरी थूल सर उभे होते. जिल्हा परिषदेतून रिटायर झालेले, पण शर्टाच्या खिशात अजूनही दोन पेनं. त्यांनी पाइपाच्या तोंडाकडे पाहिलं, मग घड्याळाकडे.

"आता नाही येणार मॅडम. तिसऱ्या मजल्याचा नंबर होऊन गेला."

"कसला नंबर?"

"कूलरचा."

मी फायर ऑडिट करते. बिल्डिंगमधली आग विझवायची यंत्रणा चालते की नाही हे बघायचं आणि चालत असेल तर तसा दाखला द्यायचा, एवढंच काम. दाखला वर्षातून दोनदा लागतो. जुलैच्या दाखल्यासाठी मी मे महिन्यातच चक्कर मारते, कारण दोष सापडला की तो दुरुस्त व्हायला आपल्याकडे किती वेळ जातो हे मला ठाऊक आहे.

ज्या नळातून हवा आली त्याला होज रील म्हणतात. प्रत्येक मजल्यावर जिन्याजवळ एक लाल चक्र असतं आणि त्यावर लांब रबरी पाइप गुंडाळलेला असतो. गच्चीवर आगीसाठी वेगळी टाकी असते, तिचं पाणी या पाइपात येतं. आग लागली की पाइप ओढत न्यायचा, तोटी फिरवायची, पाणी मारायचं. शिकायला काही लागत नाही. टाकी कायम भरलेली हवी आणि त्या पाण्याला दुसऱ्या कामासाठी कुणी हात लावायचा नाही, असा नियम आहे.

इथे सगळ्यांनीच हात लावला होता. विदर्भातला उन्हाळा ज्यांनी काढलाय त्यांना कूलर समजावून सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. लोखंडी पेटी, आत पंखा, खाली पाणी, आणि तीन बाजूंना गवताच्या ताट्या. छोटा पंप ते पाणी ताट्यांवर सोडत राहतो आणि ओल्या गवतातून आलेली हवा घर गार ठेवते. हा कूलर दिवसाला बादल्यांनी पाणी पितो. घरातून बादल्या वाहण्यापेक्षा जिन्याजवळचा लांब पाइप कुणालाही बरा वाटणार. तो थेट कूलरपर्यंत पोचतो. भांडणं होऊ लागली तेव्हा थूल सरांनी मजल्यांचे नंबर लावून दिले. व्यवस्था इतकी चोख होती की मला धड रागावताही येईना.

गच्चीवर जाऊन टाकीत डोकावले. तळाला ओल होती आणि एक कबुतराचं पीस होतं. फायर एक्स्टिंग्विशर, म्हणजे भिंतीवरचे लाल सिलिंडर, मात्र भरलेले आणि जागच्या जागी होते. त्यांचा दुसरा उपयोग कुणाला सापडला नव्हता.

"सर, ही होज रील आहे," मी खाली उतरताना म्हटलं.

"हो, हो. बिल्डिंगमध्ये त्याला कूलरचा नळ म्हणतात सगळे."

"तेच तर चुकलंय."

दुसरा दोष पॅसेजमध्ये होता. घरांच्या एका बाजूच्या खिडक्या पॅसेजकडे उघडतात आणि तिथे सावली असते, म्हणून लोकांनी कूलर तिथेच मांडले होते. जिन्याकडे जायचं तर अंग चोरून जावं लागे. तिसऱ्या मजल्यावरच्या शेवटच्या दारासमोर सगळ्यात मोठा कूलर होता. तो ढोबळे काकूंचा. त्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"हा हलवावा लागेल, काकू."

"काऊन?"

"आग लागली तर बाहेर पडायचा रस्ता हाच आहे. धुरात माणूस यावर आपटेल."

"मॅडम, आग लागन तवा लागन. ऊन तर रोज लागून राह्यलं." त्यांनी दार पूर्ण उघडलं. खिडकीजवळच्या पलंगावर काका झोपलेले होते, एक हात उशीवर निर्जीव पडलेला. "ह्यायले लकवा मारला तवापासून पलंगावरच हायेत. कूलर घंटाभर बंद राह्यला तर अंग तापते त्यायचं. मागच्या साली दवाखान्यात भरती करा लागलं. तुम्हीच सांगा, कुठी नेऊ कूलर?"

अशा वेळी नियम वाचून दाखवणारी माणसं मला आवडत नाहीत आणि त्या क्षणी ते माणूस मीच होते. काकांना कूलरशिवाय ठेवता येत नव्हतं. आग लागली तर त्याच कूलरमुळे त्यांना बाहेर काढता येणार नव्हतं. मी इथून जवळच्या देवळीची, माझंही बालपण कूलरसमोर गेलंय. "काहीतरी रस्ता काढू," म्हटलं आणि निघाले. तो रस्ता काय हे तेव्हा मला माहीत नव्हतं.

सोसायटीचे चेअरमन राठीजी. कापडाचे व्यापारी, स्वभावाने चांगले, निर्णय भराभर घेणारे. टाकी भरून ठेवा आणि कूलरला ते पाणी बंद करा, असं मी त्यांना फोनवर सांगितलं. "हो जाएगा मॅडम, टेन्शन नका घेऊ," ते म्हणाले. आठवडाही झाला नसेल, त्यांनी मोबाइलवर फोटो पाठवले. प्रत्येक मजल्यावरच्या होज रीलच्या पेटीला चकचकीत पितळी कुलूप. मी लगेच फोन लावला.

"राठीजी, हे काय?"

"कुलूप. अब कोई पानी नहीं लेगा. टाकी फुल्ल आहे."

"आणि आग लागली तर?"

"चाबी माझ्याकडे आहे ना."

"आत्ता तुम्ही कुठे आहात?"

"दुकानात. समुद्रपूरला."

"मग तिथून बिल्डिंगपर्यंतचा रस्ता सांगा."

"म्हणजे इथून आधी जाम गाव," राठीजी हळूच म्हणाले, "जामवरून वर्धा, तास तरी..."

"जामच्या हायवे चौकात ट्रक आडवे नसले तर."

"दुसरी चाबी थूल सरांकडे ठेवतो."

"थूल सर दुपारी झोपतात. आणि उन्हाळ्यातल्या आगी दुपारीच लागतात."

"मग कुलूप काढलं की लोक परत पाणी घेतील, मॅडम. मी काय एकेकाच्या मागे उभा राहू?"

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. लोकांना पाणी हवंच होतं. मी म्हटलं, त्यांना दुसरीकडून द्या. वापरायच्या पाण्याची टाकी वेगळी आहे. तिच्यावरून निळा पाइप खाली आणा आणि प्रत्येक मजल्यावर कूलरसाठी एक साधा नळ द्या. राठीजी म्हणाले, त्यासाठी मीटिंग लावावी लागेल. मी म्हटलं, लावा, मीही येते. आणि कुलपं आजच काढा.

कुलपं त्या दिवशी संध्याकाळी निघाली. मीटिंग रविवारी सकाळी पार्किंगमध्ये झाली. लोक चहाचे कप घेऊन आले, काही जण नुसते ऐकायला आले. नवा नळ कशाला, आहे तो काय वाईट आहे, असा सूर होता. एक गृहस्थ म्हणाले, "इतकी वर्षं काही झालं नाई, आता काय होते?" मी येताना एका कूलरची जुनी वाळलेली ताटी आणली होती. वाळूची एक, पाण्याची एक बादली आणि सिलिंडर जवळ ठेवला, ताटी फरशीवर उभी केली आणि काडी लावली.

ओली ताटी जळत नाही. पण पाणी संपलं, पंखा मात्र चालू राहिला की उन्हाळ्यात ती बघता बघता कोरडी होते. मग वायरची एक ठिणगी पुरते. पार्किंगमधली ताटी पेटली तशी खालून वरपर्यंत एकदम गेली. पहिल्या रांगेतली माणसं खुर्च्यांसकट मागे सरकली. मी सिलिंडर मारला, ज्वाळा बसली. सगळ्यांना वाटलं झालं. थांबा म्हटलं. गवत आतून धुमसत होतं, थोड्याच वेळात पुन्हा पेटलं. मग त्यावर पाणी ओतलं.

"सिलिंडरने ज्वाळा बसते," मी सांगितलं. "ताटी पूर्ण विझवायला पाणीच लागतं. वीज बंद करायची, मग पाणी मारायचं. त्यासाठी ती टाकी आहे."

ढोबळे काकू जळक्या ताटीकडे बघत होत्या. "येवढ्याशा वेळात?" त्यांनी विचारलं. त्यानंतर नळाला कुणी विरोध केला नाही.

त्याच आठवड्यात निळा पाइप आला. कूलर पॅसेजमधून बाल्कन्यांमध्ये गेले, वरून हिरव्या जाळीची सावली केली. काकांचा पलंग समोरच्या खोलीत, बाल्कनीच्या खिडकीशी आणला. तिथेही हवा गार लागते याची काकूंनी स्वतः पलंगावर पडून खात्री केली, मगच काकांना हलवू दिलं. पॅसेज मोकळा झाला. आगीची टाकी भरली.

एका गोष्टीवर मात्र मी अडून बसले. कूलरचा नळ हे नाव बंद. नाव तेच राहिलं तर सवय परत येणार, असं माझं म्हणणं. प्रत्येक पेटीवर मी लाल स्टिकर लावले, होज रील. कुणी जुनं नाव घेतलं की मी टोकायची. थूल सरांनी हे फार मनावर घेतलं. ते जिन्यात भेटेल त्याला दुरुस्त करायचे. लोक हो सर म्हणायचे आणि पुढे जायचे.

आग लागली ती जूनच्या सुरुवातीला, पाऊस यायच्या आधी. मी तेव्हा तिथे नव्हते. नंतर थूल सरांनी फोनवर सांगितलं आणि काकूंनी समोर बसून. दोघांच्या हकिगती जुळतात.

दुपारी लाइट गेली होती. कूलरमधलं पाणी आधीच संपलं होतं आणि लाइट बऱ्याच वेळाने आली तोवर ताट्याही वाळल्या होत्या. काकू स्वयंपाकघरात होत्या. कूलर आपोआप सुरू झाला, पंप कोरडा फिरला, जुन्या वायरचा जोड तापला आणि ताटी पेटली. काकू बाहेर आल्या तेव्हा खिडकीचा पडदा जळत होता आणि त्याच्या खाली काका होते. हलता येत नव्हतं. बोलताही धड येत नव्हतं. ते फक्त बघत होते.

थूल सर त्या दिवशी झोपले नव्हते. धूर दिसताच ते दुसऱ्या मजल्यावरून वर धावले, सिलिंडर काढला आणि मारला. पडदा विझला, ज्वाळा बसली. मग ताटी पुन्हा धुमसायला लागली. सर पॅसेजमध्ये येऊन ओरडले, "होज रील! होज रील आणा!"

"एकही दार उघडलं नाही मॅडम," सर मला म्हणाले. "एक जण आतून विचारतो, कोन पाह्यजे?"

काकू पलंगाला धरून उभ्या होत्या. त्या तिथूनच ओरडल्या, "अवो, कूलरचा नळ आना! कूलरचा नळ!"

सगळी दारं उघडली. समोरच्या घरातली सून चक्राकडे धावली, पाइप ओढत आली. तो कुठे अडकतो, कोपऱ्यावर कसा वळवायचा, हे तिला सांगावं लागलं नाही. तिच्या नवऱ्याने काही न विचारता आधी काकूंचा मेन स्विच पाडला. आपल्याकडे कूलरला शॉक असतोच, त्यामुळे लहान मूलही पाणी भरण्याआधी बटण बंद करतं. मी मीटिंगमध्ये वीज आधी, पाणी नंतर असं घोकून घेतलं होतं. त्या नावाबरोबर ती सवय त्यांच्या हातात आधीपासूनच होती. टाकी भरलेली होती, पाणी आलं. धावत आलेल्यांपैकी दोघांनी काकांना चादरीसकट उचललं आणि मोकळ्या पॅसेजमधून शेजारच्या घरात नेलं. नगरपरिषदेची गाडी आली तेव्हा विझवायला काही उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी गेले. काका शेजारच्यांच्या पलंगावर होते. कपाळावरचे थोडे केस जळले होते, बाकी ठीक. काकूंनी चहा दिला आणि मग समोर बसून पदर डोळ्यांना लावला. "तुम्ही नाव बदलवलं होतं," त्या म्हणाल्या, "पण त्या वक्ती मले तेच आठवलं." मला वाईट वाटलं आणि फार बरंही वाटलं. त्यांना म्हटलं, तेच आठवलं म्हणून काका इथे आहेत.

जुलैत दाखला दिला. त्यात होज रील असंच लिहिलं, तिथे दुसरा शब्द चालत नाही. आता कुठल्याही बिल्डिंगमध्ये गेले की तपासणीआधी मी विचारते, तुम्ही याला काय म्हणता? घाबरलेला माणूस जे नाव ओरडेल ते खरं नाव, बाकीचं कागदावर राहतं. ते लाल स्टिकरही मी काढले. नवे स्टिकर थूल सरांनी स्वतः पट्टी लावून सरळ चिकटवले. त्यांवर मोठ्या अक्षरात लिहिलंय, कूलरचा नळ. खाली बारीक अक्षरात, कूलरसाठी वापरू नये.