धुराडी आणि कोठीची किल्ली

भाचीच्या लग्नासाठी बेंबळीला गेले, त्याच आठवड्यात आमच्या मोहिमेचं सामान बंदरावर पोचायचं होतं. समुद्राच्या तळाशी काही ठिकाणी फटींतून कढत पाणी उसळतं. त्यातल्या धातूंचे थर साचत जाऊन उंच धुराडी उभी राहतात. ती काढून जहाजावर आणायची, अशी ही मोहीम. धुराडं दिसायला दगड, पण बिस्किटासारखं ठिसूळ. वर आलं की लगेच थंड समुद्रपाण्यात ठेवावं लागतं, नाहीतर हवेनं गंजून त्याचा भुगा होतो. पेट्या कशा हव्यात, उचलायच्या जाळीला आतून काय लावायचं, त्या वेळी कोण कुठं उभं राहील, हे सगळं मी बसवलं होतं. आधीच्या मोहिमा मी किनाऱ्यावरून पार पाडल्या. या खेपेला पहिल्यांदाच जहाजावर माझी जागा होती.

गावी पाय ठेवला तसा धाकट्या भावानं कोठीची किल्ली माझ्या हातात दिली. आमच्याकडं लग्नात कोठीवर विश्वासाचं माणूस बसवतात. तेल, तूप, साखर त्यानंच काढून द्यायची. ते माणूस सगळ्यांच्या मागून जेवतं, आणि मंगलाष्टकं त्याला भिंतीपलीकडून ऐकू येतात.

"आक्का, तू कोठीवर हायस म्हणून मी निवांत हाय."

"तुझ्या लग्नातपण मी इथंच होते."

"मग? एक लाडू तरी कमी पडला का?" तो हसत गेला.

लग्नाच्या दिवशी मी साखरेच्या पोत्याशी उभी असताना मोहीमप्रमुखांचा फोन आला. जहाजावर जागा अपुऱ्या होत्या. माझ्या जागी छायाचित्रकार जाणार होता.

"मॅडम, तुमचं नियोजन इतकं चोख आहे की तुम्ही तिथं नसलात तरी चालेल. आणि किनारा तुमच्याशिवाय कोण सांभाळणार?"

"धुराडं पेटीत कोण ठेवणार?"

"तुम्ही लिहून दिलंय ना सगळं."

मी साखरेचं माप पोत्यात टाकलं. गबाळ्या माणसाला कुणी कोठीवर बसवत नाही. तो मांडवात पुढच्या खुर्चीवर बसतो, आहेर घेतो, फोटोत येतो. काम चोख करणाऱ्याला मात्र कौतुक करून आत कोंडायचं.

"मग किनाऱ्यालाही दुसरं माणूस बघा," मी म्हणाले. "मी येणार ती जहाजावरच. नाहीतर उद्यापासून पेट्या तुम्ही भरा."

"असं कसं, मॅडम? बघतो. कळवतो जरा वेळानं."

फोन ठेवला तोवर भाऊ फेटा सावरत दारात आला. "आक्का, तुपाचा डबा काढून ठेव. अक्षता झाल्या की पंगत बसंल."

मी कोठीला कुलूप लावलं आणि किल्ली त्याच्या हातात दिली.

"अगं, पोरीचा बाप हाय मी. आता ही कुठं सांभाळू?"

"खिशात ठेव. अक्षता पडेपर्यंत कुणी तुपावाचून मरत नाही."

मांडवात पहिल्या रांगेत एक पाहुणे पाय पसरून बसले होते. त्यांना सरकायला लावून मी उभी राहिले. फोन वाजला तेव्हा माझ्या मुठीत अक्षता होत्या. त्या टाकून होईपर्यंत मी तो घेतला नाही.