झाडलेली वाट

संस्थान गेलं आणि आगरदांड्याच्या रस्त्यावरची संस्थानिकांची बाग गावाला खुली झाली. आमच्या शाळेचं सव्वीस जानेवारीचं झेंडावंदन तिथंच व्हायचं. तिथला म्हातारा माळी वाळूची वाट मागं मागं सरकत झाडायचा. धनी फिरायला निघाले की वाटेवर नोकराचं पाऊल दिसता कामा नये, ही जुनी शिस्त.

"बाबा, आता पोरं तुडवणारच आहेत. सरळ झाडा की," मी एकदा म्हटलं.

तो कसनुसा हसला. "चाळीस वर्सं हितं हाय, गुरुजी. पन माजं पाऊल मलाच कवा दिसलं न्हाय."

पुढच्या झेंडावंदनाला तो नव्हता. दिवाळीतच वारला, म्हणे. वाट कुणी झाडली नव्हती, पावलंच पावलं. मी त्यांत त्याचं शोधू लागलो आणि थबकलो. ते कसं होतं, हे मी तरी कुठं पाहिलं होतं?