न जोडलेल्या नळीतला आवाज

भूतखेत, अंगात येणं वगैरे गोष्टींना मी आयुष्यभर हसत आलोय. गिरगावच्या चाळीतला माणूस, धंद्याने ड्राफ्ट्समन. जे नकाशात दाखवता येत नाही ते माझ्या लेखी नाहीच... तरी हे लिहितोय.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. दारूखाना बंदरावरच्या एका बोटींच्या कारखान्यात नव्या लाँचची सुकाणूची केबिन मी आखली होती, आणि तिचा मला आजही अभिमान आहे. काचा वरच्या बाजूने पुढे झुकलेल्या, म्हणजे आतल्या दिव्याचं प्रतिबिंब चाकावरच्या सारंगाच्या, म्हणजे लाँच चालवणाऱ्याच्या, डोळ्यांवर येत नाही. केबिन उंच, लांबचं स्वच्छ दिसणार; फक्त नाळेसमोरचं, म्हणजे लाँचच्या पुढच्या टोकासमोरचं, थोडं पाणी झाकलं जातं. म्हणून पुढे एक खलाशी उभा करायचा आणि त्याने बोलायच्या नळीतून वर केबिनमध्ये सांगायचं. सारंगाने ते मोठ्याने परत म्हणायचं, मगच चाक फिरवायचं — अशी रीत.

पण हरताळामुळे फिटर आलाच नाही. केबिनमध्ये नळीचं नुसतं पितळी तोंड फळीवर बसवलेलं; नळी गोदामात.

आदल्या संध्याकाळी उरणहून निरोप आला होता. माझी बायको सुमती बाळंतपणाला माहेरी होती. आमची तान्ही मुलगी तापाने फणफणली होती. आणि आज हरताळात उरणच्या लाँचच्या फेऱ्या बंद! ही नवी लाँच ज्यांच्या हाती जायची होती, त्या लालबागच्या सारंगकाकांना मी गाठलं.

"आजारी पोराक हरताळ नसता रे," ते म्हणाले. "चल."

नवी लाँचच बाहेर काढली; वर केबिनमध्ये आम्ही दोघे, खाली इंजिनवाला. सकाळची वेळ, पण भर दर्यात धुकं दाट झालं.

"काका, मी पुढे जाऊन उभा राहू?" मी विचारतोय तोच पितळी तोंडातून स्वच्छ आवाज आला — "उजवीकडे घे!"

"उजवीकडे!" काकांनी सवयीने म्हटलं आणि चाक गरकन फिरवलं.

डावीकडून एक होडी आमच्या अंगाला घासून गेली. माणसांनी भरलेली. आणि तिच्यात, शालीत पोर गुंडाळून — सुमती! लाँच मिळेना म्हणून ती होडीने निघाली होती.

दोघींना वर घेतलं. काकांनी मला विचारलं, "तू बोललंस काय रे?"

"नाही. तुम्ही?"

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. नाळेवर कोणी नव्हतं. होडीवाला ओरडला असेल म्हणावं, तर तो शपथेवर सांगत होता, लाँच अंगावर आली तेव्हा त्याची वाचाच बसली होती. तोंडामागची फळी मी स्वतः ठोकून पाहिली... भरीव.

मुलगी वाचली, आज तिला नातवंडं आहेत. स्पष्टीकरण मात्र मला अजून सापडलेलं नाही.

परतताना काका त्या पितळी तोंडाशी वाकून म्हणाले, "होडी वाचली. पोर गावला." मी हसलो नाही. सुमतीच्या हातून मुलीला घेतलं आणि तिचं रडणं आत ऐकू जावं म्हणून तिला तिथे धरून उभा राहिलो.