शालूताईंच्या गाडीच्या सीटा

शालूताई गाडीत बसायच्या आधी सीटला नाक लावायच्या. नुसतं हुंगणं नव्हे, दोन्ही हात टेकून, वाकून, पाठटेक आणि बैठक जिथे मिळते त्या फटीत नाक घालायच्या. बघणाऱ्याला हसू यायचं. "हसा. कपडा खोटं बोलते, वास नाही बोलत," म्हणायच्या.

त्या सरकारी नर्स होत्या. नोकरीभर बपेऱ्याकडच्या गावांत बाळंतपणं केली, त्यामुळे निवृत्तीनंतरही सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. आमच्या गावातून तुमसरच्या दवाखान्यात जायला वेळेवर काही मिळत नाही. म्हणून त्यांनी एक जुनी व्हॅन घेतली आणि त्या वयात चालवायला शिकल्या. सरकारनं करायचं काम एका निवृत्त बाईनं अंगावर घेतलं आणि गावानं टाळ्या वाजवल्या. मी गावातला पत्रकं लिहिणारा कार्यकर्ता, मला त्या टाळ्यांचाच राग यायचा. रुग्णवाहिका मागायची सोडून आम्ही सिस्टरचं कौतुक करत बसलो.

व्हॅन आधी चिखल्याच्या खाणीवर माणसं ने-आण करायची. विकणाऱ्यानं सीटांवर चकचकीत रेक्झिनची कव्हरं चढवली होती. ताईंनी ती पहिल्याच दिवशी ओरबाडून काढली. खाली मँगनीजची काळी भुकटी, चहा, तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची थुंकी, कोणाची तरी जुनी उलटी. "कव्हरानं घान जात नाही बाबू, झाकते. तुह्या पुढाऱ्याच्या भाषनावानी."

मग पाना घेऊन सीटाच बाहेर काढल्या आणि अंगणात उन्हात उभ्या केल्या. आधी काठीनं झोडपल्या, मग रिठ्याच्या फेसानं घासल्या. पाणी फार कमी. मी मदत म्हणून बादली उचलली तर ओरडल्या, "सीट हाय थे, धानाची बांधी नाही! आत स्पंज हाय. पानी मुरलं का आठ दिवस कुजत राहीन." घासायचं, पिळलेल्या फडक्यानं फेस टिपायचा, पुन्हा घासायचं. फडक्याचं पाणी पांढरं निघेपर्यंत हेच.

गावातल्या एका तरण्या सुनेला, तिला इथे कविता म्हणतो, दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या. सोबत फक्त नवरा. तुमसर यायच्या आतच, रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून ताईंनी त्या व्हॅनमध्येच बाळंतपण केलं. मुलगी झाली. दोघींना दवाखान्यात पोचवून ताई परत आल्या.

मला कळलं तसा मी मोबाइल घेऊन धावलो. इतके महिने मी पत्रकं लिहीत होतो, "आमच्या आयाबहिणी रस्त्यावर बाळंत होतात", आणि साहेब लोक विचारत होते, पुरावा काय? पुरावा आता सीटवर होता.

ताईंनी मधली सीट अंगणात काढली होती आणि थंड पाण्याच्या फडक्यानं रक्त टिपत होत्या.

"ताई, थांबा! एक फोटो."

"कायचा?"

"डागाचा. कलेक्टर ऑफिसच्या दारावर चिकटवतो."

"काहून? कलेक्टरनं कधी रक्त नाही पाह्यलं?"

"गाव जागं होईल."

"गाव जागंच हाय. थे सकाळपासून कुंपनातून डोकावून राह्यलं." हात थांबला नव्हता. "डाग तिचा हाय बाबू. तुह्या पत्रकाचा नाही."

मी भांडलो. म्हणालो, तुम्ही पुरावा धुताय, तुमच्यामुळे पुढची बाईही रस्त्यावरच बाळंत होईल. त्या म्हणाल्या, "झालं बोलून? मंग थंड पानी आन. गरम नको, गरमानं डाग शिजते."

मी पाणी आणलं. फोटो काढला नाही. तो काढायला हवा होता, असं मला आजही वाटतं.

तिसऱ्या दिवशी कविताची सासू आली. जुन्या शेतकरी घरातली, कडक बाई. एरवी जात पाळून ताईंच्या वस्तीत ती पाणीही प्यायची नाही. ते ठाऊक असूनही ताईंनी लोटा पुढे केला. तिनं तो नुसता धरून ठेवला.

"सिस्टरबाई, आमच्या सुनंनं तुमची गाडी नासवली म्हनतेत."

"कोन म्हनते?"

"सारं गाव. अन् सून बसनं येतो म्हनते. म्हने, त्या गाडीत कोन्या तोंडानं बसू?"

तीन दिवसांची ओली बाळंतीण, हातात तान्ही पोर, आणि बस.

"पाहा ना मंग, काय नासलं थे," ताई म्हणाल्या.

सीट वाळून परत बसवली होती. म्हातारी आत चढली. तळहात फिरवला, खालून चाचपलं. शेवटी वाकून तिनंही नाक लावलं.

"डाग कुठसा होता?"

"मले काय माहीत? माह्या गाडीत असं काई झालंच नाही."

म्हातारीनं लोट्यातलं पाणी घटघट प्यायलं आणि रिकामा लोटा खाली ठेवला. "चला मंग. पोरीले आनू." आणि मधल्या सीटवर, बरोबर त्याच जागी, ऐसपैस बसली.

ताई मागच्या वर्षी गेल्या. व्हॅन साकोलीच्या एका माणसानं घेतली. आमचं निवेदन फोटोशिवाय गेलं आणि कुठल्याशा टेबलावर पडून राहिलं. रुग्णवाहिका आलेली नाही. मी अजून पत्रकं लिहितो, आणि ती येईपर्यंत लिहीन. पण कविता त्या दिवशी बसनं आली नाही. सासूच्या मांडीवर लेक देऊन, खिडकीची काच खाली करून, ती भर गावातून घरी आली.