एकवीस दिवसांचं उद्यापन

दसरा झाल्यापासून कमलाक्कांना काही वाटेनासं झालं होतं. घरात कुणी गेलं नव्हतं, दुखणंखुपणं नव्हतं. पूजा, स्वयंपाक, देवळातल्या प्रदक्षिणा, सगळं हातांनी होत होतं. आत मात्र सामसूम. भाव नसताना देवाला फूल वाहणं म्हणजे त्याला फसवणंच, एवढी एकच धास्ती उरली होती. कुणी विचारलं तर म्हणायचं, "बरी आहे."

पुतणी आश्लेषा इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या आयटी कंपनीत नोकरीला. काकूंचा चेहरा बघून तिनं एक व्हिडिओ पाठवला. त्यातली बाई सांगत होती, एकवीस दिवस रोज सकाळी तीन चांगल्या गोष्टी वहीत लिहा, मन ताजंतवानं होतं.

एकवीस दिवस म्हणजे व्रतच की! मग ते हेळसांडीनं कसं करणार? कमलाक्कांनी पळीभर पाणी सोडून संकल्प केला. कांदा-लसूण बंद. वहीला हळदकुंकू. बाईनं पलंगावर बसून लिहायला सांगितलं होतं. पण पारोसं कशाला लिहायचं, म्हणून त्या स्नान करून पाटावर पूर्वेला तोंड करून बसायच्या.

"दूध वेळेवर आलं. नळाला पाणी आलं. डोसा तव्याला चिकटला नाही."

सहाव्या दिवशी गोष्टी संपल्या.

"अहो, काही चांगलं सांगा."

विश्वेश्वररावांनी पेपरातून मान वर केली नाही. "मी आहे की."

"ते चौथ्या दिवशी लिहिलंय."

"मग मेट्रो लिही."

"आपण कुठं जातो मेट्रोनं?"

"तेच चांगलं. गर्दीत उभं राहावं लागत नाही."

त्यांनी मेट्रो लिहिली. आत काही हललं नाही.

एकवीस दिवस भरल्यावर उद्यापन आलंच. घरचे पुरोहित भीमाचार्य जेवायला आले. पुरणाची होळगी, लिंबाचं चित्रान्न, मुगाच्या डाळीची कोसंबरी. आश्लेषाही आली आणि दारातच थबकली. वही चौरंगावर, तिच्यावर शेवंतीची वेणी.

"काकू, अगं हे सेल्फ-हेल्प आहे!"

"असेल. उद्यापनाशिवाय सोडलं तर दोष लागतो."

दुसऱ्या होळगीवर तूप घेत आचार्यांनी विचारलं, "अक्का, या व्रताची देवता कोण?"

"आश्लेषाला विचारा."

"बरं, फळ काय सांगितलंय?"

"आनंद," आश्लेषा म्हणाली.

"मग? मिळाला?"

'बरी आहे' ओठांवर आलं होतं. पण उद्यापनाच्या पानावर बसलेल्या ब्राह्मणाशी खोटं कसं बोलायचं?

"नाही, आचार्य. काही म्हणजे काही वाटत नाही. कित्येक महिने झाले. पूजेतसुद्धा कोरडीच असते. देवाला चालतं का हो असं?"

शेजारच्या पानावर विश्वेश्वररावांचा घास हातातच राहिला.

आचार्यांनी तूप मुरू दिलं. "सकाळी मला पाच घरच्या पूजा. पहिल्या घरी फक्त कॉफी हवीशी वाटते. पाचव्या घरी गुडघे दुखतात. मधल्या एखाद्या घरी भाव आला तर आला. देवानं अजून तक्रार केलेली नाही. कोसंबरी वाढा स्वल्प."

"सरी, वाढते," म्हणत कमलाक्कांनी वाढली.

आश्लेषाचा आवाज उतरला. "काकू, मला का नाही सांगितलंस? डॉक्टरांना दाखवू या. मी येते बरोबर."

"दाखवू," विश्वेश्वरराव म्हणाले. "फक्त तिथंही पाणी सोडून संकल्प करू नकोस."

आधी आचार्य हसले, मग आश्लेषा. कमलाक्का हसल्या नाहीत.

सगळ्यांची पानं उचलून त्या शेवटी जेवायला बसल्या. होळगीची चव काही लागली नाही. पण यजमान समोर पाट ओढून बसले होते आणि न विचारता वाढत होते, तेही उलट्या क्रमानं, शेवटचा ताकभात आधी.