झोक्याच्या फळीचं कपाट

आबांचा, माझ्या वडिलांचा, उजवा कान गेला, डावाही दगा द्यायला लागला, तेव्हा त्यांनी एकच धोसरा लावला: मायची कॅसेट ऐकायची. माय, म्हणजे माझी आई, जाऊन बरीच वर्षं झाली. कानबाईच्या सणाला घरातच तिनं म्हटलेली गाणी कुणीतरी टेप करून ठेवली होती. माळ्यावरचा डेक, ॲम्प्लिफायर, मोठे स्पीकर दुरुस्त करून आणले, तर उंदरांनी वायरी कुरतडल्या. म्हणून कपाट करायचं ठरलं, आणि ते माझ्या गळ्यात पडलं.

शहाद्याहून नोकरी करून दमून यायचं आणि कागदावर रेघा मारत बसायचं. आबा खुर्चीत बसले की स्पीकर त्यांच्या कानाशी यायला हवेत. गरम हवा जायला मागची बाजू उघडी हवी. सुतार म्हणे, "पाठ नको कशी ताई? उंदीर घुसतीन." जाळी ठोकायची ठरली. मग वहिनीला खाली भांड्यांसाठी कप्पा हवा झाला, भावाला वर टीव्ही. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास: नवं सागवान ओलं निघालं आणि वरची फळी वाकली. माझं डोकंच उठलं. म्हटलं, नकोच ते कपाट.

आबा म्हणाले, "नवं लाकूड कसाले? झोकानी फळी शे ना."

गुडघ्यांमुळे त्यांचं झोक्यावर बसणं सुटलंच होतं. तरी बैठकीतला झोका काढायचा म्हणजे माझ्या जिवावर आलं. पण फळी जुनी, पक्की वाळलेली. सुतारानं ती कापून वर बसवली. छताला नुसत्या कड्या राहिल्या.

शेवटी कॅसेट लावली. माय गात होती आणि मागे सारखं कुईंकुईं चाललं होतं. टेप खराब झाली असं वाटलं. मग ओळखलं, तो आमचा झोका होता.

आबा समोर बघत बसले होते. आवाज वाढवला. "ऐकू येतंय का?" आणखी वाढवला, दारात शेजारीण येऊन उभी राहिली, आबांचा चेहरा तसाच. उशीर झाला, डावा कानही गेला, असं मनात आलं. इतक्या महिन्यांचा शीण एकदम अंगावर आला.

तेवढ्यात गाणं मध्येच थांबलं. माय म्हणाली, "आहो, झोका थांबाडा. आवाज व्हई ऱ्हायना."

खुर्चीतल्या आबांनी दोन्ही टाचा फरशीवर घट्ट दाबल्या.